आम्हाला त्या खोलीत बसू द्या

प्रति,
पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव आणि रांजणगाव परिसरातल्या मोठ्या कारखान्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख

सविनय नमस्कार.

या मार्चपर्यंत मी चाकणच्या एका मोठ्या कारखान्यात, तुमच्यासारख्याच एका विभागात, एक वर्ष शिकाऊ उमेदवार होते. कारखान्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे सगळे ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणून पत्र बाजूला ठेवतील. माझ्यासोबत पास झालेल्या चार मैत्रिणी चार वेगळ्या कंपन्यांच्या एच.आर.मध्ये शिकाऊ होत्या. रविवारी भोसरीच्या खोलीवर जमलो की आमच्या गोष्टी इतक्या सारख्या निघायच्या की कुठली कोणाची हे पुढच्या रविवारी आठवायचं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

मी आळेफाट्याकडची. घरी कांदा आणि चार गाई. बी.बी.ए.ला मी एच.आर. विषय घेतला तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, “म्हणजे नेमकं काय करतात गं?” मी म्हणाले, “कंपनीतल्या माणसांचं बघतात.” त्यांना ते पटलं. पुढे वर्षभर रात्रीचा फोन आला की ते हमखास विचारायचे, “आज कोणाकोणाचं बघितलंस?” पहिले पाच महिने या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिले पाच महिने मी फायली स्कॅन केल्या.

ते काम कमी प्रतीचं होतं असं मी म्हणणार नाही. अकराशेच्या वर पर्सनल फायली होत्या. काही इतक्या जुन्या की टाचण्या गंजून कागदाला चिकटल्या होत्या. टाचणी काढायची, कागद सपाट करायचा, स्कॅन करायचा, नाव द्यायचं, पुढचा. पण मी वाचायचे. जुन्या फायलींमध्ये हाताने लिहिलेले रजेचे अर्ज होते. ‘मुलीचे लग्न ठरले असून’, ‘आईस कांजिण्या आल्या आहेत’, ‘कांदा काढणीस मजूर मिळत नसल्याने’, ‘माउलींच्या पालखीबरोबर जाणेचे असल्याने’. खाली लफ्फेदार सही, आणि त्याच्याखाली लाल शाईत साहेबांचा शेरा: ‘मंजूर. लग्नाला शुभेच्छा.’ नव्या फायलींत हे नाही. आता रजा मोबाइलच्या ॲपवर टाकतात आणि कारणाच्या रकान्यात चार पर्याय येतात. नव्वद टक्के लोक ‘वैयक्तिक’ निवडतात. काम सोपं झालं हे खरंच आहे. पण कोणाच्या घरात काय चाललंय हे पूर्वी अर्जातून आपोआप कळायचं, ते आता कोणीतरी जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही. आणि ते विचारणं हेच आपलं काम आहे ना? ते विचारायचं कसं, हे मला त्या वर्षात शिकायचं होतं.

आमच्या विभागात एक छोटी मीटिंगची खोली होती. काचेचं दार, काचेवर दुधी कागद. कोणी कामगार तक्रार घेऊन आला, सुपरवायझर आणि ऑपरेटरचं वाजलं, कोणाला कारणे दाखवा नोटीस द्यायची होती, युनियनचे प्रतिनिधी आले, की सगळे त्या खोलीत जायचे आणि मला सांगितलं जायचं, “तू जरा बाहेर थांब, कॉन्फिडेन्शियल आहे.” मी बाहेर थांबायचे. कधी झेरॉक्सला जायचे, कधी आत चहा पोहोचवायचे. चहा ठेवताना आतलं बोलणं थांबायचं आणि दार लागलं की पुन्हा सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी त्या बोलण्याचा कागद माझ्याकडे यायचा, टाइप करायला, जावक क्रमांक घालायला, फायलीला लावायला.

गोपनीयतेचा मुद्दा मला समजतो. पण बघा, माझ्या संगणकावर अकराशे लोकांचे पगार होते. बँक खाती, आधार क्रमांक, दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीचे अहवाल, कोणाला साखर आहे, कोणाला ऐकू कमी येतं, सगळं. तेवढं माझ्यावर सोपवताना कोणाला शंका आली नाही. माणूस समोर बसून बोलायला लागला की मात्र मी परकी. लैंगिक छळाच्या तक्रारीची गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्यानेच ती गुप्त ठेवायची असते, तिथे शिकाऊ मुलीने असू नये हे मला पूर्ण मान्य आहे. पण पाळी बदलून मागणारा माणूस, गैरहजेरीची विचारणा, कँटीनच्या भाकरीवरून झालेली तक्रार, बसच्या थांब्यावरून झालेलं भांडण, यात असं काय असतं? त्या माणसालाच विचारा, “ही शिकतेय, बसली तर चालेल का?” तो नाही म्हणाला तर मी उठेन.

त्या खोलीत मी वर्षभरात फक्त एकदा बसले. ते सविस्तर सांगते, कारण एच.आर.चं जे काही मला येतं त्यातलं निम्मं त्या पाऊण तासात आलंय.

आमच्याकडे हजेरीचं चक्र दर महिन्याच्या २० तारखेला बंद व्हायचं. २१ला मी गैरहजेरीचा अहवाल काढायचे. तीन महिन्यांत ठरावीक दिवसांपेक्षा जास्त विनापरवाना खाडे झाले की नाव पिवळं, आणखी वाढले की लाल. लाल झालेल्यांना ताकीदपत्र. पत्राचा नमुना ठरलेला, मी फक्त नाव, टोकन नंबर आणि तारखा भरायचे. नोव्हेंबरात प्रेस शॉपमधल्या (पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागातल्या) एका ऑपरेटरचं नाव लाल झालं. बारा वर्षांची नोकरी, आधीची फाइल स्वच्छ. पत्र तयार झालं, सही झाली, आणि ते त्याच्या हातात देऊन पोच घ्यायला मला हजेरी बघणाऱ्या टाइम ऑफिसला पाठवलं.

त्याने पत्र वाचलं नाही. पोचवर सही केली आणि विचारलं, “मॅडम, याच्यामुळं ॲडव्हान्स मिळायचा थांबतो का?” मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, विचारून सांगते. तो गेला.

टाइम ऑफिसमध्ये एक काका आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांनी ते पत्र माझ्या हातून घेतलं, तारखा बघितल्या, आणि मस्टर, म्हणजे हजेरीपत्रक, उघडून माझ्यासमोर ठेवलं. “या तारखांना वार कोणता होता ते बघ. आणि त्या आठवड्याची पाळी बघ.” मी बघितलं. प्रत्येक खाडा मंगळवारचा किंवा शुक्रवारचा होता. आणि फक्त पहिल्या पाळीच्या आठवड्यातला. दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात हा माणूस एकही दिवस चुकला नव्हता. काका म्हणाले, “आठवड्यातून दोनदा, सकाळी, ठरलेल्या वेळी. काय असतं असं?” मला सुचलं नाही. ते म्हणाले, “डायलिसिस.”

त्याच्या वडिलांचं होतं. पिंपरीच्या रुग्णालयात सकाळची वेळ मिळाली होती, सोबत न्यायला दुसरं कोणी नव्हतं.

तारखा माझ्याकडे तीन महिने होत्या. मीच त्या भरल्या होत्या, मीच त्यांना लाल रंग दिला होता. माझ्या अहवालात वाराचा रकाना नव्हता आणि पाळीचाही नव्हता, आणि ते असावेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री वडिलांनी फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मला बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून आमच्या साहेबांना सांगितलं. हे लिहिलंच पाहिजे की त्यांनी ते मनापासून ऐकलं. त्याच दुपारी त्या ऑपरेटरला बोलावलं, आणि मला म्हणाले, “तू काढलंयस, तू बस.” मी बसले. साहेबांनी ताकीदपत्राचा विषय सुरुवातीला काढलाच नाही. मशीनबद्दल विचारलं, नवीन डाय (साचा) आल्यापासून त्रास आहे का ते विचारलं. मग म्हणाले, “वडिलांना कधीपासून?” आणि गप्प बसले. खूप वेळ. मला ती शांतता सहन होत नव्हती, मी काहीतरी बोलणार होते. साहेबांनी टेबलावर हात थोडा उचलून मला थांबवलं. मग तो माणूस बोलायला लागला आणि दहा मिनिटं बोलत राहिला. शेवटी साहेबांनी विचारलं, “पहिल्या पाळीच्या आठवड्यात तुझ्या जागी कोण येईल?” त्याच्याकडे नाव तयार होतं. त्याच्याच मशीनवरचा दुसरा एक जण केव्हाच हो म्हणाला होता. कोणी विचारलं नव्हतं एवढंच. सुपरवायझरला बोलावून अदलाबदल लिहून घेतली, आणि ॲडव्हान्सचा प्रश्नही तिथेच सुटला.

ताकीदपत्र मात्र परत घेतलं गेलं नाही. एकदा जावक झालेलं पत्र मागे घेता येत नाही, असं साहेबांनी मला नंतर समजावलं. त्याच्या मागे कारणाची एक टिपणी लावायला सांगितली, ती मी लिहिली. पत्र आजही त्या फायलीत आहे. मला ते अजून टोचतं.

हात उचलून मला थांबवणं, त्या शांततेत थांबायचं असतं हे कळणं, कुठल्या पुस्तकात आहे? मला ते शिकवायला कंपनीला एक खुर्ची आणि पाऊण तास लागला.

आता थोडं कायद्याचं. तुम्हाला ते माझ्याहून जास्त माहीत आहे, पण आमच्या बाजूने ते कसं दिसतं हे सांगायचं आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. तो आला तेव्हा डोळ्यांसमोर फिटर, टर्नर, वेल्डर होते. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले. आमच्यासारख्या कॉमर्स, आर्ट्स, बी.बी.ए.वाल्यांना दार उघडलं ते २०१४ च्या दुरुस्तीने. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यायचेच, असा नियम आहे. म्हणजे आम्ही तुमच्याकडे येणार हे ठरलेलं आहे. फिटरच्या शिकाऊला काय शिकवायचं हे साठ वर्षांत पक्कं झालंय. त्याचा अभ्यासक्रम आहे, करून दाखवायचे जॉब आहेत, परीक्षा आहे. तो वर्षअखेर हातात घासलेला तुकडा धरून दाखवू शकतो. एच.आर.च्या शिकाऊने काय धरून दाखवायचं, हे अजून कोणी नीट ठरवलेलं नाही. म्हणून ती मोकळा हात ठरते आणि जिथे हात कमी पडतो तिथे जाते.

याच कायद्याचं कलम १८ सांगतं, शिकाऊ म्हणजे प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. म्हणून पी.एफ. नाही, ई.एस.आय.चा कामगार विमा नाही. पदवीधराला किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरलं ते २०१९ च्या नियमांत. मला त्याहून तीन हजार जास्त मिळायचे, खोलीचं भाडं आणि डबा जाऊन बसपास निघायचा. याची तक्रार नाही. शिकायला आले होते, कमवायला नव्हे. पण कामगार नाही म्हणून जे मिळत नाही ते मिळणार नसेल, तर प्रशिक्षणार्थी म्हणून जे मिळायला हवं ते तरी पूर्ण मिळू दे. ऑडिटच्या आठवड्यात आम्ही तिघी शिकाऊ रात्री साडेआठपर्यंत बसलो. कलम १५ प्रमाणे शिकाऊकडून जादा वेळ काम घ्यायला सरकारच्या शिकाऊ सल्लागारांची मंजुरी लागते. हे आमच्या विभागात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण शॉपवरच्या शिकाऊंना संध्याकाळी वेळेवर गेटबाहेर काढायची यादी आम्हीच करायचो.

सगळ्यात जड गोष्ट प्रगती अहवालाची. दर तिमाहीला शिकाऊ नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर चढवायचा. ‘औद्योगिक संबंध: प्रशिक्षण दिले’, ‘तक्रार निवारण: प्रशिक्षण दिले’, ‘वेतन प्रशासन: प्रशिक्षण दिले’. माझा अहवाल मीच लिहिला. शॉपवरच्या सत्तर जणांचे अहवालही मीच एकत्र केले, आणि स्वतःचा त्यांच्यासोबत भरला. जे शिकवलं नाही ते शिकवलं असं स्वतःच्या हाताने लिहायची वेळ, ज्या खात्याने कंपनीला खरं बोलायला लावायचं त्या खात्यात शिकायला आलेल्या मुलीवर आणू नका. मी लिहिलं, हे माझंही चुकलं. मला नाही म्हणता यायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रम संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांत गेले. त्या दिवसांत आमच्या विभागात जी धावपळ होती ती मी विसरणार नाही. वीस-वीस वर्षं काम केलेले लोक पुन्हा विद्यार्थ्यासारखे पिवळी रेघ मारत कलमं वाचत होते. पगारातला मूळ वेतनाचा हिस्सा, ठेकेदाराच्या माणसांची जबाबदारी, नेमणूकपत्रं, सगळ्यावर चर्चा. मला वाटलं, आता आपणही यांच्याबरोबरीने शिकणार. दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली. आम्ही शिकाऊ दोन्ही दिवस बाहेरच्या टेबलावर नोंदणीला होतो. साहेब आणि शिकाऊ एकाच पानावर असतात असा काळ एखाद्याच्या नोकरीत एकदाच येत असेल. मागच्या रांगेत तीन खुर्च्या टाकता आल्या असत्या.

मला जे मिळालं ते बहुतेक टाइम ऑफिसच्या काकांकडून मिळालं, आणि तेही जेवणाच्या सुट्टीत. हजेरीपत्रकातला साप्ताहिक सुट्टीचा साधा रकाना. कॉलेजात शिकले होते की नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. काकांनी विचारलं, “मग भोसरीत गुरुवारी का असते?” वीज सगळ्यांना एकाच दिवशी पुरायची नाही म्हणून वार वाटून दिले, म्हणून इथल्या कितीतरी शॉपांमध्ये गुरुवारीच शांतता असते, आणि म्हणून इथल्या कामगाराच्या घरची लग्नाची बोलणी, बारशी, दवाखाना, सगळं गुरुवारी उरकतात. रविवारी बैठक लावून माणसं का आली नाहीत म्हणून चिडणाऱ्या नव्या अधिकाऱ्यांबद्दलही त्यांनी सांगितलं. हे काका तुमच्या सगळ्यांच्या कारखान्यांत आहेत. त्यांच्याकडे शिकवण्याची जबाबदारी लेखी द्या, आठवड्यातून एक दुपार तरी. ते निवृत्त झाले की हे सगळं गेटबाहेर जाईल.

शेवटच्या महिन्याबद्दल थोडक्यात. नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही हे मला माहीत होतं. पण २०१४ नंतर शिकाऊ कायद्याचं कलम २२ असं म्हणतं की शिकाऊंना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक कंपनीने स्वतःचं धोरण ठरवायचं. ते धोरण काय आहे हे मी तीनदा विचारलं. “बघू”, “वरून यायचंय”, “मार्चनंतर”. २८ मार्चला कळलं की नाही. आधी कळलं असतं तर मी जानेवारीपासून शोधलं असतं. नकाराचं दुःख दोन दिवसांत ओसरलं. ज्या खात्यात बसून मी दुसऱ्यांना मुदतीत पत्रं पाठवली, त्याच खात्याने मला मुदतीत सांगितलं नाही, ते मात्र अजून गेलेलं नाही. धोरण पहिल्याच दिवशी करारासोबत हातात द्या. ‘घेत नाही’ असं असलं तरी द्या.

सध्या मी भोसरीत एका छोट्या कारखान्यात काम करते. ऐंशी माणसं आहेत. खोली एकच, दारालाही कागद नाही. गैरहजेरीच्या अहवालात वार आणि पाळी असे दोन रकाने मी पहिल्याच आठवड्यात टाकले. परवा वडिलांनी विचारलं तेव्हा चार नावं सांगितली.

आता निकाल लागतील आणि नव्या मुलामुलींचे करार पोर्टलवर चढायला लागतील. त्यांतली काही तुमच्याकडे एच.आर.ला येतील. त्यांना फायली स्कॅन करायला जरूर द्या, त्यातूनही शिकता येतं. पण पहिला आठवडा त्यांना टाइम ऑफिसला बसवा, तेही पहिल्या पाळीच्या पंचिंगच्या वेळी, सकाळी सव्वासहाला. आणि महिन्याभरात कोणी तक्रार घेऊन आलं, की त्या खोलीत एक खुर्ची जास्त ठेवा.

आपली नम्र,
एक माजी शिकाऊ उमेदवार
भोसरी, पुणे